रांजणीची नाडी पाहणारी सगुणा

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकर नेसून अंगणात खेळत होत्या तेव्हा, रांजणी नदीच्या काठी आडदरे गावात सगुणा नावाची वैदीण राहत होती. इकडची माणसं अजून तिला नुसतं "आक्का" म्हणतात. जणू ती आत्ताच शेजारच्या आळीला कुणाला तरी बघायला गेली आहे.

सगुणा वैद्याच्या घरी जन्मली नव्हती. लग्न होऊन त्या घरात आली. तिचे सासरे धर्माजी वैद्य मोठे जाणकार, पण त्यांच्या मुलाला औषधाची गोडी नव्हती, तो शेतात रमला. सून मात्र खलबत्त्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. एक दिवस धर्माजींनी विचारलं, "काय बघतेस, पोरी?"

"मामंजी, तुम्ही हात धरून डोळे मिटता. तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

धर्माजींनी आपला हात पुढे केला. "अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकव. पहिल्याखाली वात, तो सापासारखा सरपटतो. मधल्याखाली पित्त, ते बेडकासारखं उड्या मारतं. तिसऱ्याखाली कफ, तो हंसासारखा संथ जातो. तिघं आपापल्या चालीनं चालले तर माणूस धड. एकानं चाल सोडली की बाकीचे दोघे भांबावतात."

बारा वर्षं ती शिकली. धर्माजी गेले तेव्हा खलबत्ता तिच्याकडे आला. असं म्हणतात, तोवर तिची बोटं अशी तयार झाली होती की गाईचं नुसतं दावं धरलं तरी गाईचं दुखणं तिला कळायचं.

स्वभावानं ती हट्टी होती. औषधापेक्षा लोक तिच्या पथ्याला भ्यायचे. तीन माणसं एकाच पोटदुखीची तक्रार घेऊन आली तर ती एकाला कुड्याच्या सालीचा काढा द्यायची, दुसऱ्याला बेलफळाचा गर, आणि तिसऱ्याला म्हणायची, "तुला औषध नाही. भूक लागेपर्यंत जेवू नकोस, आणि लागली की सुंठ घालून ताक पी." तिसरा चिडायचा. "आक्का, यांना औषध आणि मला उपास?" ती म्हणायची, "पोटं तिघांची वेगळी. मी दुखण्याला औषध देत नाही, माणसाला देते." आणि कुणी पथ्य मोडून आला तर हात धरल्याबरोबर सांगायची, "काल वांगं खाल्लंस. तेही सासुरवाडीला." असं म्हणतात, तिच्या काळात आडदऱ्याचे जावईसुद्धा वांग्याला घाबरायचे.

एके वर्षी दिवाळी सरली आणि गावात हगवण सुरू झाली. आधी दोन घरांत, मग आळीत, मग गावभर. ताप, पोटात मुरडा, रक्त. सगुणानं उंबरठे झिजवले. कुड्याची साल कमी पडली तेव्हा डोंगर चढून तिनं पाठीवरून भारे आणले. महिन्याभरात गाव सावरलं आणि लोकांनी तिची खणानारळानं ओटी भरली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर हगवण परत आली. पुन्हा तेच काढे, तीच धावपळ. गाव पुन्हा उठून बसलं, पण या वेळी पाच माणसं गेली. आणि तिसऱ्या वर्षी ती आली तेव्हा गावचे पाटील रायाजी यांची धाकटी लेक, सात वर्षांची पुतळा, अंथरुणाला खिळली. पहिली दोन्ही वर्षं सगुणानं तिला ओढून काढलं होतं. या वेळी पोरीच्या अंगात काही उरलंच नव्हतं. पुतळाची नाडी सगुणाच्या तीन बोटांखाली हळूहळू बारीक होत गेली आणि थांबली.

सगुणा कितीतरी वेळ तो हात सोडेना. शेवटी रायाजी पाटलांनीच तो तिच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खलबत्ता धुऊन पालथा घातला. गाव दारात जमलं. "आक्का, हे काय? आमच्या घरी माणसं पडलीत."

"काढा कसा करायचा ते तुमच्या बायकांना मी शिकवलंय," ती म्हणाली. "तो करा. प्यायचं पाणी अर्धं आटेपर्यंत उकळा. रोग्याला भाताच्या पेजेवर ठेवा. तीन वर्षं मी या आजाराला दारातून हाकलते आहे आणि तो परत येतो आहे. म्हणजे त्याचं घर कुठंतरी आहे. मी ते घर बघायला चाललेय."

ती नदीवर गेली. गुडघाभर पाण्यात उतरली, खाली वाकली, आणि जशी माणसाच्या मनगटावर टेकवावीत तशी तिनं तीन बोटं वाहत्या पाण्यावर टेकवली. डोळे मिटले. काठावरचे काही हसले, काहींना वाटलं पोरीच्या मरणानं आक्काला वेड लागलं.

असं म्हणतात, रांजणीनं तिला नाडी दिली. पहिल्या बोटाखाली काहीच हलत नव्हतं. मधल्याखाली पाणी अंगात ताप असल्यासारखं उसळत होतं. तिसऱ्याखाली जड, चिकट, कोंडलेलं. सगुणानं डोळे उघडले.

"हिचा गळा कुणीतरी धरलाय," ती म्हणाली आणि काठाकाठानं वरच्या अंगाला चालू लागली.

दर कोसावर ती पाण्यात उतरायची, बोटं टेकवायची आणि पुढं निघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला वास आला. वळण ओलांडलं तर समोर दोरेवाडी.

दोरेवाडी ही दोर वळणाऱ्यांची वस्ती. मोटेचे नाडे, बैलांची दावी, पाळण्याच्या दोऱ्या, सगळ्या मुलखाला दोर इथून जायचे. पाऊस संपला की अंबाडी कापायची, तिच्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून कुजत घालायच्या, साल सुटली की धुऊन वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काढायचा. पूर्वी हे काम गावतळ्यात व्हायचं. तीन वर्षांपूर्वी तळ्याची पाळ फुटली, तेव्हा वस्तीनं नदीलाच बांध घातला. बांधामागं पाणी काळंकुट्ट झालं होतं, वर फेस, काठाला मेलेले मासे. त्यातूनच झिरपून रांजणी खाली आडदऱ्याला जात होती.

वस्तीची कारभारीण ठकू नावाची म्हातारी होती. तिनं सगुणाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुझी पोरं मेली, मला वाईट वाटतं. पण अंबाडी भिजली नाही तर माझी पोरं काय खातील? तू वैदीण आहेस ना, मग सांग, भुकेवर तुझ्याकडं कुठला काढा आहे?"

सगुणानं सवयीनं ठकूचा हात हातात घेतला आणि दचकली. तळवे भेगाळले होते, बोटांच्या बेचक्यांत जखमा, त्यांतून रक्त. तिनं आजूबाजूला पाहिलं. बाया, पुरुष, सगळ्यांचे हात तसेच. कुजक्या पाण्यात उभं राहून पिंढऱ्यांपर्यंत कातडी गेली होती.

"भुकेवर नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या या हातांवर आहे. मला एक तांब्याची परात द्या, तूप द्या आणि एक कुदळ द्या."

"कुदळ कशाला?"

"तळं गेलं ना तुमचं? अंबाडीला दुसरी जागा करायला."

ठकू हसली. "या खडकात? एकटी?"

"एकटीनं सुरुवात करते."

नदीपासून दूर, उताराच्या पलीकडे, तिनं खणायला घेतलं. आडदऱ्याची ती वैदीण, जिचे हात साली कुटायला आणि नाडी धरायला सरावलेले, दिवसभर मुरूम फोडायची. तिसरा प्रहर झाला की परात पुढं घेऊन बसायची. तूप पाण्यात फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा ताजं उकळून निवलेलं पाणी घ्यायचं, पुन्हा फेसायचं. शंभर वेळा. तेव्हा ते तूप पांढरं, हलकं, थंडगार व्हायचं. मग एकेकाला समोर बसवून ती ते हातापायांना लावायची. वस्तीतले पुरुष आधी लांब राहिले. चौथ्या दिवशी ठकूच्या हाताच्या भेगा मिटायला लागल्या, तेव्हा तेही येऊन बसले. पण कुदळीला कुणी हात लावला नाही.

दहाव्या दिवशी खालून आडदऱ्याचे लोक आले. पुढं रायाजी पाटील, मागं पन्नास-साठ गडी, हातांत काठ्या, पहारी, कुऱ्हाडी. पाटलांना कुणीतरी सांगितलं होतं की आजार दोरेवाडीच्या बांधातून येतो. लेकीच्या दुःखानं त्यांचे डोळे तांबारले होते. "बांध फोडा, आणि आडवा येईल त्याला तुडवा," ते गरजले. दोरेवाडीचे लोकही कोयते घेऊन बाहेर आले.

सगुणा खड्ड्यातून वर आली. अंगभर माती, तळहातांना फोड. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आक्का, बाजूला हो," पाटील म्हणाले. "माझी पोर यांनी मारली."

"तुमची पोर माझ्या हातात गेली, पाटील. मला सांगू नका." तिचा आवाज चढला नाही. "आज बांध फोडाल. ही सगळी घाण एकदम खाली जाईल आणि महिन्याभरात निम्मं गाव उचलावं लागेल. उरलेले जगले, तरी पुढच्या वर्षी यांना खायला लागेलच, हे पुन्हा बांध घालतील, तुम्ही पुन्हा काठ्या आणाल. मी तीन वर्षं हेच केलं. वरवरचं औषध दिलं. आता मूळ काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मारायचंच असेल तर पहिली मला मारा, म्हणजे तुमच्या घरचे काढे कोण देणार ते तरी ठरेल."

पाटलांची नजर तिच्या तळहातांवर गेली. त्यांच्या लेकीची नाडी याच हातांनी शेवटपर्यंत धरून ठेवली होती.

"एकूण किती खणायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"चाळीस खड्डे."

पाटलांनी काठी टाकली आणि शेजारच्या गड्याच्या हातातली पहार घेतली. ते खड्ड्यात उतरले ते पाहून ठकू पदर खोचून उतरली, आणि मग दोन्ही गावं उतरली.

चाळीस खड्डे आठ दिवसांत झाले. पण पाणी कुठून आणायचं? नदीतून वाहून आणावं तर माणसं मरून जातील. सगळे सगुणाच्या तोंडाकडे बघू लागले. असं म्हणतात, ती उतारावरच्या काळ्या कातळापाशी गेली, त्यावर तिनं तीन बोटं टेकवली आणि पुष्कळ वेळ डोळे मिटून बसून राहिली. मग म्हणाली, "इथं नाही. चार हात डावीकडं." तिथं पहार मारली. तिसऱ्या घावाला कातळ तडकला आणि मनगटाएवढी धार उसळून थेट खड्ड्यांकडे धावली. ठकूनं त्या पाण्यात हात घातले आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

पेंढ्या खड्ड्यांत हलल्या. कुजलेलं पाणी बादल्यांनी उपसून माळावर टाकलं, आणि मगच बांध दगडा-दगडानं सोडवला. मोकळी झालेली नदी पाहून लोक आनंदानं उड्या टाकायला निघाले, तर सगुणा काठावर आडवी आली.

"ही आजारातून उठलीय," ती म्हणाली. "आता हिला लंघन. एकवीस दिवस हिच्यात काही जायचं नाही. कपडे नाहीत, गुरं नाहीत, राख नाही, फूलसुद्धा नाही."

"फूलसुद्धा?" पुजारी पुटपुटला.

"रोग्याला मोदक प्रेमानं दिला तरी तो मोदकच," ती म्हणाली.

एकवीस दिवस लोकांनी रानातल्या ओढ्यावरून पाणी आणलं, ते उकळून प्यायले, आणि तिला मनातून शिव्या दिल्या. बाविसाव्या दिवशी सकाळी दोन्ही गावं काठावर उभी राहिली. सगुणा पाण्यात उतरली, बोटं टेकवली. तिच्या तिसऱ्या बोटाखालून पाणी सावकाश, संथ, मान उंच करून गेल्यासारखं गेलं. ती नुसती हसली. असं म्हणतात, त्याच वेळी वळणावर पांढरे पक्षी उतरले. ते बगळे होते की हंस, यावर आडदरे आणि दोरेवाडी अजून भांडतात.

त्या वर्षापासून दिवाळीनंतरची हगवण आली नाही.

सगुणा म्हातारी होऊन, आपल्या घरी, दिवसाउजेडी, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. तिच्यासाठी दोन्ही गावांनी चूल पेटवली नाही. असं म्हणतात, तिला उचललं तेव्हा अंग कोरडं होतं, पण उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं ओली होती. सुनेनं पुसली, तरी ती पुन्हा ओली झाली.

आता दोरेवाडीत अंबाडी कुणी फारशी लावत नाही. दोर नायलॉनचे आले, घराघरांत नळ आले. तरी दसरा झाला की दोन्ही गावं कुदळी घेऊन वरच्या माळावर जातात आणि आक्काचे चाळीस खड्डे साफ करतात. एक खड्डा मात्र बाकी कुणी साफ करायचा नाही. तो सरपंचानं आणि दोरेवाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं मिळून करायचा. मग रांजणीला एकवीस दिवसांचं लंघन असतं. बाविसाव्या दिवशी ती म्हातारी पाण्यात उतरून तीन बोटं टेकवते, आणि तिनं मान डोलावल्यावरच पहिला हंडा भरायचा.

चार वर्षांपूर्वी तिनं मान डोलावली नाही. सरपंचाच्या घरी लग्न होतं, मांडव पडला होता, पाहुणे आले होते. तो हात जोडून म्हणाला, "आजी, एक दिवसानं काय होतंय?" म्हातारी पाण्यातून वर आली, पदरानं बोटं पुसली आणि म्हणाली, "परवा बघू."

वऱ्हाड दोन दिवस थांबलं. नवरी-नवऱ्याला हळदीचं पाणी चार कोसांवरच्या ओढ्यावरून आणलं, आणि ते आणायला सरपंच स्वतः गेला.