चिमूटभर हलके गिअर

"मधल्या प्रतीचे गिअर? आमच्या सायकलीला?" रणधीरराव महाराज असे ओरडले, की दिवाणखान्यातल्या भुसा भरलेल्या वाघालाही आपण आधीच मेलो हे बरे झाले असे वाटले असावे.

कोळंबगड संस्थान कधीच खालसा झाले होते, महाराज तेवढे व्हायचे राहिले होते. हत्ती गेले, घोडे गेले आणि पोट तेवढे वाढले. म्हणून डॉक्टरांच्या धाकाने महाराज शर्यतीच्या सायकलीवर बसू लागले. आता त्या सायकलीला नवे गिअर हवे होते. कारभारी आबासाहेबांनी सगळ्यात वरच्या प्रतीचे सुचवले. आबासाहेबांचे मेहुणे सायकलींच्या सामानाचा व्यापार करत, हा निव्वळ योगायोग!

मधल्या प्रतीचे सुचवणारी समोर उभी होती. चांगुणा लोहार. वेशीजवळ तिची सायकल दुरुस्तीची टपरी होती.

"दोन्हींत फरक काय गं?" महाराजांनी दरडावले.

"चालायला दोन्ही सारखेच जी. वरच्या प्रतीचे चिमूटभर हलके आणि चौपट महाग. शर्यत मारणाऱ्याला ती चिमूट कळती."

"आणि आम्हाला कळत नाही म्हणतेस?"

"छे, छे! महाराजांना कशी कळणार नाही?" आबासाहेब हात चोळत म्हणाले. "राजरक्त आहे!"

झाले! महाराज पेटले. "आठ दिवस देतो. तुझे मधले गिअर या वरच्या गिअरपेक्षा हलके चालवून दाखव. परीक्षा आम्ही घेऊ. हरलीस तर टपरी उचलायची! जागा राजवाड्याची आहे."

चांगुणा घरी आली ती घाबरूनच. टपरी तिच्या बापाने उभी केली होती, पोट त्याच टपरीवर होते आणि मधले गिअर वरच्यापेक्षा हलके चालतील हे साक्षात ब्रह्मदेवालाही जमणारे नव्हते. गिअर बसवायला सोबत आणलेली महाराजांची सायकल तिने उलटी केली आणि मागच्या चाकाकडे बघत बसली. अकरा दातेरी चकत्या. त्यातली एकच झिजलेली. बाकीच्या दहांवर दुकानातून आलेले ग्रीस जसेच्या तसे!

"असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल राजवाड्यावर पोचवून ती महाराजांच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. महाराज आले. दुतर्फा लोक मुजरे करत होते आणि महाराजांचा उजवा हात मुजरे स्वीकारण्यासाठी सारखा वर होता. डाव्या हाताने हँडल आणि ब्रेक. मागचे गिअर बदलायची कळ उजव्या हाताला! पुढे भैरोबाचा चढ लागला, तसे भिवा आणि गेनू हे दोन सेवक पळत आले आणि त्यांनी महाराजांच्या पाठीला हात लावला. चढावर महाराजांना ढकलण्याचा मान त्यांच्या घराण्यांकडे पिढीजात होता. मान एवढा मोठा, की त्यापुढे पगार देण्याचे कुणाला सुचले नव्हते.

चांगुणा घरी येईपर्यंत हसत होती.

आठव्या दिवशी राजवाड्यापुढे एकसारख्या दोन सायकली उभ्या राहिल्या. दोन्हींच्या गिअरवर कापडी पिशव्या बांधलेल्या. भल्या सकाळी महाराज पहिलीवर बसले, भैरोबाला जाऊन आले आणि उतरताच कडाडले, "जड! चढावर जीव गेला!"

कोणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. भिवा आणि गेनू पायरीवर बसून धापा टाकत होते.

महाराज फराळाला गेले. चांगुणाही डबा घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेली. एका बाईच्या मानाने डबा भलताच मोठा होता.

तासाभराने महाराज दुसऱ्या सायकलीवर बसले आणि काय सांगावे! चढ कधी आला नि कधी गेला, त्यांना कळलेच नाही.

"लोणी! निव्वळ लोणी!" महाराज गरजले. "हेच वरच्या प्रतीचे! काय आबासाहेब?"

"मी तर आवाजावरूनच ओळखले, महाराज!"

"मग सोडा पिशवी," चांगुणा म्हणाली.

आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने पिशवी सोडली. आत मधल्या प्रतीचे गिअर होते! आवाजावरून ओळखणाऱ्या आबासाहेबांचा आवाजच बसला.

"ही जादू केलीस कशी?" महाराजांचे डोळे विस्फारले.

चांगुणाने खिशातून दोन बारीक तारा काढून त्यांच्यापुढे धरल्या. "या दोन्ही सायकलींच्या मागच्या गिअरच्या तारा. काल संध्याकाळीच काढल्या आणि चेन तुमच्या नेहमीच्या चकतीवर पक्की केली."

"म्हणजे गिअर बदलतच नव्हते?"

"तुम्ही कधी बदललेत जी? अकरातल्या दहा चकत्या अजून कोऱ्या हायेत. उजवा हात मुजऱ्यात!"

"मग दुसरी सायकल हलकी कशी चालली?"

"पहिल्या फेरीला भिवा नि गेनू उपाशी होते. दुसऱ्या फेरीआधी दोघांनी चार-चार भाकऱ्या आन् पिठलं खाल्लं. महाराज, वरच्या प्रतीचे दोन गिअर तुमच्याकडं पिढ्यान् पिढ्या हायेत. फक्त त्यांत तेल घालायचं राहून गेलंय!"

महाराजांचे गाल फुगले, मिशा थरथरल्या आणि पोट गदगदा हलू लागले. ते हसत होते! हसता हसता ते सायकलीलाच टेकले.

"टपरीची जागा आजपासून चांगुणाच्या नावावर!" डोळे पुसत ते म्हणाले. "भिवा-गेनूला पगार आणि रोज सकाळी पिठलं-भाकरी!"

"आणि ते... वरच्या प्रतीचे गिअर, महाराज?" आबासाहेबांनी चाचरत विचारले.

"मेहुण्यांना परत करा. आणि उद्या सकाळी चढावर हजर राहा. भिवा-गेनूंबरोबर तुम्हीही पाठीला हात लावा. बघू तरी, तुम्ही कुठल्या प्रतीचे आहात ते!"