टिटव्यांचं राज्य आणि खोटा त्रिशंकू

एका राज्यात कोळंब्या नावाचा मांत्रिक व्हता. राणीनं त्याला झिडकारलं, म्हणून चिडून त्यानं राज्यातल्या झाडून साऱ्या बायकांच्या टिटव्या केल्या. राजा रडला, पाया पडला. तवा कोळंब्या म्हणला, "वैशाखात दिस बुडल्यावर माझ्या टेकडीवर या. दक्षिणेच्या आभाळातल्या तीन वस्तू जो दावंल, त्यानं बायका परत न्याव्या. चुकंल त्यो दगड. तिन्ही दावल्या, तर दगड मी."

गडी जात गेले. टेकडीवर दगडं वाढत गेली.

सिदोजी धनगराची बायकू गिरजा, तीबी टिटवी झालती. गडी लई तापट. तिला खांद्यावर घेऊन टेकडी चढला नि कोळंब्याला म्हणला, "बोल बिगी बिगी. घरची चूल थंड हाय."

"बुडता ऋषी दाव."

नैर्ऋत्येला डोंगराला टेकलेला पांढराधोप तारा व्हता. "त्यो अगस्ती. म्होरं बोल."

"विंचवाचं काळीज दाव."

आग्नेयेला तांबडा तारा निखाऱ्यागत वर आला. "त्यो बघ. तुझ्यावाणीच इखारी."

कोळंब्या गालात हसला. "आता त्रिशंकू दाव, चार ताऱ्यांची फुली."

दक्षिणेला उजव्या अंगाला चार ताऱ्यांची मोठी फुली व्हती. सिदोजीनं बोट उचललं, तशी टिटवीनं कानाला चोच मारली.

"अवो, दम धरा. समदे हीच दावून दगड झाले. आमी टिटव्यांनी बघितलंय."

सिदोजीनं डावीकडं पाहिलं. तिथंबी एक फुली, पण बारकी. खरी कुठली? राग मस्तकात गेला, तरी त्यो खाली बसला. राखणीची कुत्री मागनं आल्याबिगर धनगर कळपाला आपला म्हणत न्हाई.

"भ्यालास व्हय रं?" कोळंब्यानं डिवचलं.

"गप बस. माझी कुत्री येत्यात."

हळूहळू बारक्या फुलीच्या मागनं दोन झगझगीत तारे डोंगरावर चढले. सिदोजी उठला.

"मित्र नि मित्रक. ही जोडी ज्याच्या मागं, त्यो त्रिशंकू. तुझी मोठी फुली बेवारशी हाय."

कोळंब्या जागच्या जागी दगड झाला. बाकी दगडांचे गडी झाले, नि टिटव्यांच्या बायका. राणीनं राजाचा हात धरला. सिदोजी मातूर वाकला, कारण खांद्यावर आता अख्खी गिरजा बसली व्हती.

"उतर की गं, मान मोडली."

"थांबा वाईच. हितनं त्रिशंकू झ्याक दिसतुया."

सिदोजी तणतणला, पण तिला तशीच घेऊन टेकडी उतरला. मागनं सारं राज्य हसत, भांडत घराकडं निघालं, नि घरोघरी चुली पेटल्या.