नवशीची घागर

करवंदमाळावर मोटार काय, बैलगाडीसुद्धा चढत नव्हती, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. मध्ये बोलू नका, नीट ऐका.

माळावर पाणी म्हणाल तर एकच झिरा. वाटीवाटीनं भरायचा. आणि ऐन चैत्रात आमचा बोहाडा! देवांची लाकडी सोंगं तोंडाला बांधून नाचायचं. गावची कारभारीण होती नवशी. तिला आपल्या देवांचा भारी अभिमान. तिनं मुलूखभर सांगावे धाडले, "या, आमचा बोहाडा बघा." माणसं लोटली. पाहुण्याला पाणी नाही कसं म्हणायचं? नवशीनं सगळ्यांना पाजलं, आणि तिसऱ्या दिवशी झिरा आटला. अकरा घरं नदीकाठी उतरून गेली. त्यात तिचा लेक हिरूही. जाताना म्हणाला, "आये, तुझ्या पाहुण्यांनी आमचं पाणी पिऊन टाकलं."

असं म्हणतात, नवशी वर्षभर हसली नाही.

पुढच्या चैत्रात तिनं नदीवर घागरी मांडल्या आणि नेम घातला. येईल त्यानं एक घागर भरून वर आणायची. अंगणात सडा पडेल तो पाहुण्यांच्या पाण्याचा, उरलेलं रांजणात. एकाची जरी घागर राहिली, तरी सोंग बाहेर निघणार नाही.

लोकांनी हसत हसत घागरी आणल्या. आता सगळे आले असं समजून नाच्यांनी सोंगं बांधली. तिथंच चूक झाली! कारण सोंग एकदा बांधलं की नाचल्याशिवाय उतरत नाही. नरसिंहाचं जड सोंग हिरूच्या घराण्याचं, म्हणून तोही आला होता.

इतक्यात एक सरदार वीस घोडेस्वार घेऊन वर आला. रिकाम्या हातानं! म्हणाला, "घोडे झिऱ्यावर सोडा."

नवशी झिऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसली. "घागर खाली नदीवर आहे, सरदार."

"मी घागर वाहू? ऊठ म्हातारे, नाहीतर तुडवीन!"

"तुडवा. पण हे पाणी आज घोडे प्याले, तर उद्या हा पाडा उठेल."

ऊन तापलं. सरदाराची घागर येईना, म्हणून नाच सुरू होईना. सोंगाच्या आत हिरू गुदमरत होता. गावकरी काकुळतीला आले, "कारभारणी, ऊठ गं, पोर जाईल!" नवशीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिनं जमिनीला हात टेकला, उठणारच होती. तेवढ्यात सोंगातून घोगरा आवाज आला.

"आये, बस तिथंच."

सरदारानं टाच मारली. असं म्हणतात, घोडा दोन पावलं गेला आणि तिच्यासमोर त्यानं गुडघे टेकले. काही केल्या उठेना. शेवटी सरदार उतरला. उन्हात अनवाणी नदीवर गेला आणि स्वतःच्या खांद्यावरून घागर घेऊन आला. सडा पडला, आणि हिरू असा नाचला की माळ हादरला! सोंग उतरवलं तेव्हा तो आईच्या मांडीवर कोसळला, पण जिवंत होता. झिऱ्याला त्याच वेळी गुडघाभर पाणी चढलं, असं म्हणतात. पावसाळ्याआधी अकराही घरं वर आली.

आजही बोहाड्याला मंत्री येवो नाहीतर शाळेची सहल, नदीवर प्रत्येकाला नवशीची घागर उचलावी लागते. आणि शेवटची घागर वर येईपर्यंत गावातली एक बाई झिऱ्याच्या तोंडाशी बसून राहते. यंदा माझ्या सुनेची पाळी आहे. ती उठायची नाही, मी ओळखतो तिला.