साळूआजीचा अंगरखा

फार पूर्वी एका रानात टिवली नावाची शिंपीण पक्षीण पानांचे कपडे शिवायची. थंडी तोंडावर आली, तेव्हा काटेरी साळूआजीने तिच्याकडे अंगरखा मागितला. टिवलीने तो घरी बसून पुरा शिवून आणला. आजीने अंगात घालताच काट्यांनी त्याच्या चिंध्या झाल्या. टिवली रडवेली झाली.

“रडू नकोस गं. काय हवंय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?” आजी म्हणाली.

मग टिवली रोज एकच पान शिवून आजीच्या अंगाला लावून बघू लागली. पाठीवरचं फाटलं, पोटावरची टिकली.

“आहाहा! थंडी पोटालाच वाजत होती बघ. आता पुरे.”

“पण आजी, अंगरखा अर्धाच झालाय!”

“मला पुरा झाला,” म्हणत आजी तिथेच पेंगू लागली.