मठातले पेरू

“…पण मग लोक देत का नाहीत, बुवा?”

मठाच्या ओट्यावर बसून अच्युतबुवा पेरू पुसत होते. एक पुसून झाला की दुसरा.

विचारणारे होते प्राध्यापक हेरंब सरपोतदार. लहानपणी याच ओट्यावर बुवांच्या हातची छडी खाल्लेले, आता तालुक्याच्या कॉलेजात उपप्राचार्य. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे एका क्षणासाठीही न विसरणारा. मुलींच्या वसतिगृहावर जूनच्या आत छप्पर घालून दाखवतो, असं त्यांनी भर सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं.

भिंती उभ्या राहिल्या, आणि पैसे संपून छपरापाशी घोडं अडलं. पोरी शेजारच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं राहत होत्या. छप्पर झालं नाही, तर यंदा वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या नव्या पोरींना जागा नाही म्हणून परत पाठवावं लागणार होतं. परत गेलेल्या पोरीचं लग्न दिवाळीच्या आत उरकतात, हे हेरंबरावांनाही ठाऊक होतं. झोप उडाली होती त्यांची, उगाच खोटं कशाला बोला.

“सगळ्या पालकांना पत्रं धाडली,” ते तावातावानं म्हणाले. “आजीआजोबांनासुद्धा सोडलं नाही. सोनेरी किनारीचा कागद! देणाऱ्यांची नावं संगमरवरावर कोरू म्हटलं. पण एकाचं उत्तर येईल तर शपथ! लोकांना शिक्षणाची कदरच नाही.”

“नसेल.”

“नसेल काय, बुवा? नाहीच!”

बुवा उठले. आतून पितळेचा एक वाडगा आणून त्यांनी हेरंबरावांच्या हातात दिला.

“समोर गवराआजीचं घर आहे. जा, यात काहीतरी मागून आण.”

“मी? भिक्षा?”

“माझं नाव सांगायचं नाही. कॉलेजचं सांग.”

…

गवराआजी अंगणात तुरी पाखडत होती. बुशशर्ट, खिशाला पेन आणि हातात मोकळा वाडगा, असं ध्यान दारात बघून तिचं सूप थांबलं.

“मी कॉलेजातून आलोय, आजी. काहीतरी द्या.”

“मागल्या महिन्यात कागद आला की तुमचा! आता वाडगं घेऊन दारात?” आजीनं पुन्हा सूप हाती घेतलं. “फुडच्या घरी बघा, बाबा.”

हेरंबराव आले तसे परत फिरले.

“बघितलंत?” त्यांनी वाडगा ओट्यावर आदळला. “मी म्हटलं नव्हतं?”

बुवांनी वाडगा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुसलेले पेरू त्यात रचले. अगदी शीग लागेपर्यंत.

“आता हे देऊन ये. मागायचं काही नाही.”

“बुवा, मला चारची एसटी आहे…”

“मग पळ.”

…

या खेपेला मात्र हेरंबराव लवकर येईनात.

एसटीचा हॉर्न वाजला. एसटी गेली. बुवा ओट्यावर पाय हलवत बसले होते, मधूनच स्वतःशी हसत होते.

आले तेव्हा हेरंबरावांच्या मिशीला चहा लागलेला, वाडग्यात शेंगदाणे, वर गुळाचा खडा, आणि चेहरा असा की विचारू नका.

“बुवा, कमाल झाली! म्हातारी वाडगा परत देईचना. म्हणते, ‘मोकळं भांडं कुनी परत धाडतं व्हय, मास्तर?’ मला बसवलं, चहा पाजला. आणि ऐका तर! तिची नात, प्राजक्ता, आमच्याच वसतिगृहात आहे. त्या पत्र्याखाली! म्हातारीनं छपराचं विचारलं, मी सांगितलं. तर माळ्याकडं बोट करून म्हणते, ‘सागाचे वासे पडल्यात नुसते. घेऊन जावा. पोरींच्या डोईवर तरी येतील.’ मी मागितलेसुद्धा नाहीत, बुवा! शब्दानं नाही!”

“वा!”

“आता बघाच तुम्ही. घरोघर पेरू वाटतो! प्रत्येक पालकाला पाटीभर, आजीआजोबांना दोन पाट्या!”

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“आणखी काय म्हणाली ती?”

हेरंबराव गुळाचा खडा उगाच इकडून तिकडे सरकवत राहिले.

“सांग की.”

“विचारत होती… ‘आमची प्राजू तिथं काय शिकती वो? घरी आली की पुस्तकात डोकं. पत्रात तिचं कायतरी असंल म्हनून शेजारच्या पोराकडनं दोनदा वाचून घेतलं. कुठंच नव्हतं.’”

“मग? तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? कोण प्राजक्ता, कुठल्या वर्गात, मला तोंडसुद्धा आठवेना.” हेरंबरावांचे कान लाल झाले. “लाज वाटली, बुवा. चांगली हुशार आहे म्हणून वेळ मारून नेली. तर त्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.”

…

सावली ओट्यावर चढली. बुवांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

“बुवा, खरं सांगू? वाडगा भरून न्यायला आमच्याकडे आहेच काय? आम्हीच मोकळे. म्हणून तर मागत फिरतो.”

“पेरू खाल्ला का रे तिनं?”

“तिथंच, माझ्यासमोर. साखरेसारखा गोड आहे म्हणाली. बुवांच्या हाताला गुण आहे म्हणाली.”

“म्हणजे ओळखला नाही म्हातारीनं.”

“काय ओळखला नाही?”

बुवांनी मठामागच्या झाडाकडे बघितलं.

“अरे, रोप तिच्याच परसातलं, तुझ्या कॉलेजातल्या प्राजूसारखं. मी नुसतं पाणी घातलं.”