पंधरा दिवसांची कॅप

“पंधरा दिवसांच्या कॅपसाठी एवढा सोहळा कशाला, चाचा?”

केतकीनं विचारलं आणि नुकतीच पॉलिश केलेली, दातावर बसवायची चकचकीत कॅप दस्तगीरचाचांपुढे ठेवली.

मिरजेतल्या एका दवाखान्यामागच्या खोलीत चाचा चाळीस वर्षं दात घडवत होते. डॉ. केतकी भोकरे, ताजं सुवर्णपदक घेऊन आलेली, पुढच्या खोलीत पेशंट बघायची आणि हात तयार व्हावा म्हणून मागे चाचांकडे शिकायची.

चाचांनी कॅप उचलली. पाहिली नाही. नाकाशी नेली.

“कच्ची आहे.”

“कच्ची? नखानं वाजवून बघा. कडक झालीय चांगली.”

“कडक झालीय...” चाचा म्हणाले. “कच्ची आहे.”

केतकीनं हुंगून पाहिलं. ॲक्रिलिकच्या लिक्विडचा उग्र वास अजून गेला नव्हता. ती ओशाळली. पण तेवढ्यानं गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती.

“चाचा, माझा प्रबंधच यावर आहे. उघड्यावर घट्ट होऊ दिली की आत बुडबुडे राहतात, ताकद कमी भरते. कोमट पाण्यात, हवेच्या दाबाखाली ठेवली की चिवट होते. शंभर नमुने स्वतः तोडून बघितलेत मी!”

“शंभर तोडलेस. शाब्बास, गोल्ड मेडल... मग ही उघड्यावर का?”

“त्यांची साडेचारची एसटी चुकेल म्हणून.”

पुढच्या खोलीत अण्णाप्पा वायदंडे बसले होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. क्लॅरिनेटचं तोंड ज्या वरच्या दातावर टेकतं, नेमका तोच दात केतकीनं सकाळी घासून बारीक केला होता. कायमची कॅप पंधरा दिवसांनी येणार होती. उद्या जतला वरात होती. भर वरातीत कॅप फुटली, तर क्लॅरिनेट मुकं आणि पुढच्या साऱ्या सुपाऱ्या दुसऱ्याच्या.

“पंधराच तर दिवस काढायचेत,” केतकी म्हणाली. आवाज मघापेक्षा बारीक होता.

उघड्या दारातून अण्णाप्पांनी ओठांवरचा रुमाल बाजूला केला.

“लगीन तर एकाच दिवसाचं असतंय की, मॅडम. म्हणून आम्ही अर्ध्या दमानं फुकतोय व्हय?”

चाचा मिशीत हसले. केतकीचे कान तापले.

तिनं कॅप उचलली आणि कचऱ्यात टाकली.

नवी पावडर, नवं लिक्विड. प्लास्टरच्या दातावर नवी कॅप बसली. चाचांनी आपला कुकर पुढे सरकवला. जन्मात कधी गॅसवर न चढलेला कुकर. झाकणाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. केतकीनं कोमट पाण्यात साचा बुडवला, झाकण लावलं, पंपानं हवा भरली.

“किती वेळ?”

“पंधरा मिनिटं.”

“चाचा, एसटी...”

वाटीत कालवलेल्या पावडरीचा थोडा मऊ गोळा उरला होता. चाचांनी तो तिच्या हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवला.

“मूठ मिट.”

गोळा आधी गार होता. मग कोमट... मग आत जीव आल्यासारखा तापला. मूठ झटकून टाकावी असं तिला वाटलं. चाचा तिच्याकडे बघत होते, नात पहिल्यांदा सायकलवर बसल्यावर बघावं तसे.

तिनं मूठ आणखी आवळली.

बाहेर अण्णाप्पांनी घड्याळ पाहिलं. खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. “साडेपाचलाबी हाय एक गाडी,” ते भिंतीला म्हणाले.

मूठ निवत आली. केतकीनं ती उघडली. गोळ्याचा पार दगड झाला होता. तिचा चेहरा खुलला.

“झाला, चाचा! दहासुद्धा मिनिटं झाली नाहीत! उघडते मी.”

तिचा हात झाकणाकडे गेला. चाचांनी त्यावर आपला सुकलेला, खरखरीत हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

“तो तुझ्या मुठीत झालाय, बेटा... कॅपला त्यांच्या तोंडात टिकायचंय.”