आंब्यापुरता परवाना

झाडंसुद्धा बोलत होती, त्या काळी एका सुतारपक्ष्याचं रान वणव्यात जळालं. पिल्लांच्या पोटासाठी तो नदीपलीकडच्या रानात कामाला गेला. हद्दीवरच्या टिटवीनं ठणकावलं, "परवाना या आंब्यापुरता. दुसऱ्या झाडाला चोच लावलीस तर चालता हो!"

सुतार आंब्यातल्या अळ्या टिपायचा, संध्याकाळी चोचभर पिल्लांना न्यायचा. एकदा शेजारची सावर कण्हली, "सुतारदादा, अळ्यांनी पोखरलं रे मला. वारा आला की मोडेन."

"परवाना नाही, बाई."

"मग बस बघत!"

त्याला बघवेना. त्यानं चार टोचे मारले, तोच टिटवी किंचाळली, "नीघ! परवाना रद्द!"

"अगं भवाने, झाड मरतंय!"

"मरू दे. नियम म्हणजे नियम."

ज्याचं खोड सुतारानं साफ केलं, तो आंबाही गप्प राहिला. सुतार रिकाम्या चोचीनं पिल्लांकडं परतला.

सावर मोडली. तिच्यातल्या अळ्यांचे भुंगे झाले आणि आंबा पोखरू लागले. त्यांना टिटवीनं काही विचारलं नाही. तिचं तोंड नदीकडं होतं. आंबा बोंबलला, "अरे सुतारा, धाव!"

पिल्लं उपाशीच होती. सुतार हाकेसरशी उडाला. हद्दीवर टिटवीनं त्याला अडवलं.

"परवाना दाखव."